सत्तेला लगाम कुठे असतो? देशांच्या राज्यव्यवस्था समजून घेताना या चुका टाळा

कुठल्याही देशाच्या राज्यव्यवस्थेबद्दल बोलायला लागलो की आपण आधी शिक्का मारतो. ही लोकशाही, ती राजेशाही, ते कम्युनिस्ट, आणि एकदा शिक्का मारला की पुढचं सगळं कळल्यासारखं वाटतं. परीक्षेचा अभ्यास असो नाहीतर ग्रुपवरचा वाद, घोळ इथेच सुरू होतो. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच आहे: सरकारला ‘नाही’ कोण म्हणू शकतं, आणि म्हटल्यावर त्याची खुर्ची शाबूत राहते का? हे धरून खालच्या चुका बघा.

चूक १: राजा दिसला की लोकशाही नाही असं समजणं

स्वीडन, नॉर्वे, जपान, ब्रिटन, सगळीकडे आजही राजा किंवा सम्राट आहे. स्वीडनने तर १९७४ च्या घटनेत राजाला सरकार बनवण्याच्या प्रक्रियेतूनच बाहेर काढलं, आता पंतप्रधानपदासाठी नाव संसदेचा सभापती सुचवतो आणि संसद मतदान करते. उलट उत्तर कोरिया नावाने प्रजासत्ताक आहे आणि सत्ता मात्र एकाच घराण्याच्या तिसऱ्या पिढीकडे आहे. नाव बघून काहीच ठरत नाही, विषय संपला.

चूक २: घटना छान लिहिलीय म्हणजे नागरिक सुरक्षित

सोव्हिएत युनियनची १९३६ ची घटना काढून वाचा. कलम १२५ मध्ये भाषण, वृत्तपत्र, सभा, मिरवणूक सगळ्याचं स्वातंत्र्य आहे, कलम १७ मध्ये तर घटक प्रजासत्ताकांना युनियनमधून बाहेर पडायचा हक्कसुद्धा दिलाय. आणि लगेच १९३७-३८ मध्ये त्याच देशात लाखो लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. कलमं होती पण ती वापरून सरकारला अडवणारं कोणीच नव्हतं, कारण कोर्ट, वर्तमानपत्रं, सोव्हिएत सभागृह सगळं एकाच पक्षाच्या मुठीत होतं.

आता ब्रिटन बघा, त्यांच्याकडे एका जागी लिहिलेली घटनाच नाही. तरी २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ऐन ब्रेक्झिटच्या (युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या) धामधुमीत संसद पाच आठवडे स्थगित करायला लावली तेव्हा तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली, आणि दुसऱ्या दिवशी खासदार परत सभागृहात बसले. त्या न्यायाधीशांपैकी कोणाची नोकरी गेली नाही, आणि हीच खरी बघायची गोष्ट आहे.

चूक ३: राष्ट्राध्यक्ष म्हणजे जास्त ताकद, पंतप्रधान म्हणजे कमी

हे इतकं सर्रास ऐकू येतं की लोक तपासतही नाहीत. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतःचं बजेटसुद्धा काँग्रेसशिवाय, म्हणजे तिथल्या संसदेशिवाय, पास करू शकत नाही. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना अध्यक्ष ट्रूमन यांनी संप टाळायला स्टील कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले, तर कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की काँग्रेसने हा अधिकार दिलेलाच नाही, आणि कारखाने परत करावे लागले. उलट ब्रिटनमध्ये पंतप्रधानाकडे घसघशीत बहुमत असेल आणि पक्ष पाठीशी असेल तर त्याला हवा तो कायदा बहुतेक वेळा होतोच. फक्त त्याचा लगाम वेगळ्या जागी असतो: स्वतःच्याच पक्षाचे खासदार फिरले की तो घरी, अमेरिकेच्या अध्यक्षाला मात्र महाभियोगाशिवाय हलवता येत नाही आणि आजपर्यंत सिनेटने एकाही अध्यक्षाला दोषी ठरवलेलं नाही.

फ्रान्समध्ये तर एकाच घटनेत दोन्ही चित्रं दिसतात. संसदेत बहुमत आपलं असलं की राष्ट्राध्यक्ष सर्वेसर्वा, आणि विरोधकांचं झालं की त्यांचा पंतप्रधान नेमून घरगुती धोरण त्याच्यावर सोडावं लागतं, १९८६ ते २००२ मध्ये हे तीनदा झालं.

चूक ४: फक्त कोर्टाकडे बघणं

स्वित्झर्लंडचं सर्वोच्च कोर्ट तिथल्या संघीय संसदेचा कायदा रद्दच करू शकत नाही. मग संसद मोकाट आहे का? नाही. कायदा झाल्यावर १०० दिवसांत ५० हजार सह्या जमल्या की त्यावर जनमत घ्यावंच लागतं. लगाम कोर्टाकडे नसून थेट मतदारांकडे आहे, एवढंच.

चूक ५: आणीबाणीचं कलम न वाचणं

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती चूक. लोक मूलभूत हक्कांचं प्रकरण वाचतात आणि थांबतात, पण सत्ता किती बांधलेली आहे हे शांततेच्या दिवसांत कळतच नाही, ते संकटात कळतं.

जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेत कलम ४८ होतं. राष्ट्राध्यक्षाला संकटात वटहुकूम काढता येत होते आणि सात मूलभूत हक्क थांबवता येत होते. पण त्याच कलमात असंही होतं की संसदेने मागणी केली तर ते उपाय मागे घ्यावेच लागतील. वाचून वाटतं, चला, ब्रेक आहे. जुलै १९३० मध्ये संसदेने खरंच तशी मागणी केली, आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने काय केलं तर कलम २५ वापरून संसदच बरखास्त केली आणि वटहुकूम पुन्हा काढला! सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली तिच्यात नाझी पक्ष १२ जागांवरून १०७ वर गेला. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत जळाल्यावर त्याच कलम ४८ ने नागरिकांचे हक्क गेले.

आता ३ डिसेंबर २०२४ ची दक्षिण कोरियातली रात्र. राष्ट्राध्यक्ष युन यांनी अचानक मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर केला, संसदेत सैनिक घुसले, पोलिसांनी गेट अडवले म्हणून खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले, कर्मचाऱ्यांनी दाराला फर्निचर लावून सैनिकांना थोपवलं. तिथल्या कलम ७७ नुसार एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी झाली तर मार्शल लॉ उठवावाच लागतो. ३०० पैकी १९० जण पोचले, १९० च्या १९० मतं विरोधात पडली आणि पहाटे तो उठला.

दोन्ही राज्यघटनांमध्ये ब्रेक जवळजवळ सारखाच लिहिलेला आहे बघा. पण वायमारमध्ये राष्ट्राध्यक्ष संसद बरखास्त करू शकत होता आणि कोरियाच्या १९८७ च्या घटनेत त्याला तो अधिकारच नाही. खासदारांची हिंमत तर मोठी होतीच, पण मत टाकल्यावर त्यांना घरी पाठवायची कायदेशीर सोय राष्ट्राध्यक्षाकडे नव्हती. म्हणून एक कलम सुटं वाचू नका, त्याला निकामी करणारं दुसरं कलम आहे का ते शोधा.

भारतानेही १९७५ च्या आणीबाणीनंतर नेमकं हेच छिद्र बुजवायचा प्रयत्न केला. ‘अंतर्गत अशांतता’ हे ढिसाळ कारण काढून ४४ व्या घटनादुरुस्तीने तिथे ‘सशस्त्र उठाव’ आणलं, शिवाय मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आणि एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी सक्तीची केली.

तरीही गोंधळ झाला तर

घटना पहिल्या पानापासून वाचू नका. आधी आणीबाणी, मग न्यायाधीश कोण नेमतं आणि कोण काढतं, मग पैसा कोण मंजूर करतं, हक्कांचं प्रकरण सगळ्यात शेवटी. खरी खुर्ची कुठली तेही तपासा, चीनने २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन टर्मची अट काढली त्याची खूप चर्चा झाली, पण खरी सत्ता कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणीसाकडे असते आणि त्या पदाला अशी अट घटनेत आधीही नव्हती. आणि दुरुस्तीचं कलम विसरू नका: जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत काही तत्त्वांना दुरुस्तीनेही हात लावता येत नाही असं कलम ७९ मध्ये लिहूनच ठेवलंय, भारतात तसं कुठे लिहिलेलं नाही, तिथे १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध ६ मतांनी ते ठरवलं.