मुलाला सारखी सर्दी होते? विषाणू समजून घ्या आणि या चुका टाळा

जूनमध्ये शाळा-बालवाड्या सुरू झाल्या की पंधरा दिवसांत घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते: ‘आत्ता कुठे बरा झाला होता, पुन्हा नाक गळायला लागलं.’ कारणंही ठरलेली असतात. इम्युनिटी कमी आहे, औषध अर्धवट सोडलं, नाहीतर ‘विषाणू म्युटेट झालाय’. बहुतेक वेळा या तिन्हींत तथ्य नसतं.

आधी हिशेब करू. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलाला वर्षाला 6 ते 8 वेळा सर्दी होते, पाळणाघरात जाणाऱ्याला 10-12 वेळासुद्धा. एक सर्दी साधारण 10 दिवस चालते, खोकला त्याहून लांबतो. म्हणजे वर्षाचे 60 ते 80 दिवस मूल शिंकत-खोकत असणार आणि त्यातले बरेचसे पावसाळ्यात आणि थंडीत येणार. आई-वडिलांना ते ‘सारखं आजारी’ वाटतं यात नवल नाही. मात्र मधल्या काळात मूल नीट खातंय, खेळतंय, वजन वाढतंय, तर इम्युनिटीच्या नावाने विकली जाणारी टॉनिकं आणि पावडरी आणू नका.

चूक: ‘विषाणू बदलला म्हणून पुन्हा सर्दी झाली’ असं मानणं

सर्दीच्या विषाणूंमध्ये सर्वांत मोठा वाटा रायनोव्हायरसचा. त्याचा जनुकसंच म्हणजे आरएनएची एकच साखळी, अवघ्या 7,200 अक्षरांची. तिच्या नकला काढणारं विकर (एन्झाइम) दर दहा हजार अक्षरांमागे साधारण एक चूक करतं आणि ती दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे दर तीन नव्या प्रतींमागे सरासरी दोन चुका उरतात. कोरोना कुळातल्या विषाणूंची साखळी सुमारे 30,000 अक्षरांची असते, पण त्यांच्याकडे मुद्रितशोधनाची, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करण्याची, यंत्रणा आहे. रायनोव्हायरस तसा नाही, तो सतत बदलत असतो.

तरीही तुमच्या मुलाला महिन्याभरात पुन्हा सर्दी होण्याचं कारण सहसा हे बदलणं नसतं. रायनोव्हायरसच्या ए, बी आणि सी अशा तीन प्रजाती आहेत आणि त्यांत मिळून 160 हून जास्त प्रकार. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दुसऱ्यावर फारशी चालत नाहीत. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडाथोडा बदलून जुन्या प्रतिकारशक्तीला चकवतो. रायनोव्हायरसला तशी घाई नाही. 1960 च्या दशकात वेगळे केलेले प्रकार आजही फिरताहेत आणि ओळखू येतात. जूनमध्ये एक प्रकार, जुलैमध्ये दुसरा. मूल प्रत्येकाशी पहिल्यांदाच सामना करत असतं, म्हणून आजी-आजोबांपेक्षा त्याला जास्त सर्दी होते.

लस का नाही, याचंही उत्तर यातच आहे. 1970 च्या दशकात 10 प्रकारांची एकत्र लस करून पाहिली, ती उरलेल्यांपुढे तोकडी पडली. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या गटाने 50 प्रकार एकत्र करून माकडांना टोचले आणि त्यांच्यात प्रतिपिंडं तयार झाली. बाजारात मात्र अजून काहीच नाही. फ्लूची लस सहा महिन्यांवरच्या मुलांना जरूर द्या (नऊ वर्षांखाली पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस), पण ती साध्या सर्दीवर चालेल ही अपेक्षा नको. ‘लस देऊनही सर्दी झाली’ म्हणून पुढच्या वर्षी फ्लूची लस टाळणं ही वेगळीच चूक.

2009 मध्ये तोवर माहीत असलेल्या सगळ्या, म्हणजे 99 प्रकारांचे जनुकसंच वाचले गेले. दोन प्रकार एकाच पेशीत शिरले तर त्यांचे तुकडे जोडून नवा विषाणू तयार होऊ शकतो, याच्या खुणा त्यात सापडल्या. सी प्रजातीचा शोध तर 2006 मध्ये लागला, कारण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींवर ती वाढतच नव्हती. विषाणूचं आरएनए थेट शोधणारी पीसीआर चाचणी आल्यावर ती दिसली. श्वासनलिकेच्या पेशींवरच्या सीडीएचआर 3 नावाच्या प्रथिनाला पकडून ती आत शिरते. काही मुलांच्या या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असतो. त्यामुळे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जास्त येतं आणि अशा मुलांना सी प्रजातीची सर्दी छातीत उतरून शिट्टीसारखा आवाज येण्याचा धोका जास्त असतो. एकाच पाळणाघरातला एक जण दोन दिवसांत उड्या मारतो आणि दुसऱ्याला नेब्युलायझर लागतो, त्यामागे असं कारणही असू शकतं. त्यात आईच्या ‘निष्काळजीपणा’चा काही संबंध नाही.

चूक: पीसीआरचा रिपोर्ट निकालासारखा वाचणं

काही हजार रुपये मोजून केलेल्या रेस्पिरेटरी पॅनेलवर, म्हणजे श्वसनाच्या अनेक विषाणूंच्या एकत्र चाचणीवर, ‘रायनोव्हायरस/एन्टेरोव्हायरस डिटेक्टेड’ असं येतं. दोन नावं एकत्र येतात कारण ही चाचणी साखळीच्या सुरुवातीचा जो भाग शोधते, तो दोघांतही जवळपास सारखा आहे. त्या एका ओळीत साधा रायनोव्हायरसही असेल आणि एन्टेरोव्हायरस डी 68 देखील. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात सापडलेल्या या डी 68 ची 2014 मध्ये अमेरिकेत मुलांमध्ये मोठी साथ आली आणि त्याच सुमारास हातापायांतलं बळ अचानक जाण्याच्या घटना दिसल्या. सर्दीनंतर मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा वाटला, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दुसरी गोष्ट, लक्षणं गेल्यावरही विषाणूचं आरएनए दोन-तीन आठवडे नाकात सापडतं. ठणठणीत मुलांच्या नाकातही ते अनेकदा मिळतं. म्हणून ‘निगेटिव्ह आल्याशिवाय शाळेत पाठवू नका’ ही मागणी निरर्थक आहे. ताप जाऊन 24 तास झाले आणि मूल नेहमीसारखं वागतंय, एवढं पुरे. महिन्याभराने पुन्हा पॉझिटिव्ह आलं म्हणजे ‘तोच विषाणू अंगात राहिलाय’ हेही सिद्ध होत नाही. त्यासाठी विषाणूच्या कवचातल्या व्हीपी 1 या प्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचून दोन्ही नमुने ताडावे लागतात. तिथे साधारण 12-13 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो वेगळा प्रकार. एकच प्रकार महिनोन्‌महिने टिकणं सहसा केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्तीचा खरा आजार असलेल्या मुलांत दिसतं. दाखल झालेलं मूल, असा जुना आजार, किंवा फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू करायचं असेल, तेव्हा चाचणीचा उपयोग होतो. घरी खेळणाऱ्या मुलाच्या नाकात काडी घालून काही साधत नाही.

चूक: नव्या नावाला घाबरणं

जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्हीच्या (ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस, सर्दी-खोकल्याचाच एक विषाणू) बातम्यांनी मास्क पुन्हा बाहेर काढले. हा विषाणू नेदरलँड्समध्ये ओळखला गेला 2001 साली आणि जुने रक्तनमुने तपासल्यावर तो किमान 1958 पासून माणसांत फिरत असल्याचं दिसलं. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना तो पाच वर्षांच्या आत होऊन जातो.

आरएसव्ही या बाळांच्या छातीत उतरणाऱ्या विषाणूचंही तसंच. 2010 मध्ये कॅनडातल्या ओंटारियोत त्याचं असं रूप सापडलं, ज्यात जी जनुकातला 72 अक्षरांचा तुकडा दोनदा छापला गेला होता. काही वर्षांत ते जगभर पसरलं. उपचार मात्र तेच राहिले: ऑक्सिजन, द्रव आणि नाक मोकळं ठेवणं. बदल खरोखर नडला तो दुसरीकडे. सुप्टाव्हुमॅब नावाचं प्रतिपिंड-औषध 2017 मध्ये चाचणीच्या शेवटच्या टप्प्यात अपयशी ठरलं, कारण आरएसव्हीच्या बी उपप्रकाराच्या एफ प्रथिनात, औषध जिथे चिकटायचं नेमकं तिथेच, दोन बदल झाले होते. म्हणून ‘नवा व्हेरियंट’ अशी बातमी आली की एकच प्रश्न विचारा: याने लस, औषध किंवा चाचणी निकामी होते का? नसेल तर पान उलटा.

चूक: हिरवा शेंबूड दिसला की अँटिबायोटिक

हिरवा रंग जिवाणूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा असतो. साध्या विषाणूजन्य सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवट होतो, मग पुन्हा पातळ. अँटिबायोटिकचा विचार डॉक्टर करतात तो तीन परिस्थितींत: 10 दिवसांनंतरही काडीचा फरक नाही, बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढला, किंवा सलग तीन दिवस 39 अंश सेल्सिअस ताप आणि घट्ट स्राव. कानदुखी आणि न्यूमोनियाचा विचार वेगळा. फ्रिजमध्ये उरलेली बाटली यांपैकी कशावरच उत्तर नाही. खोकला मात्र धीर पाहतो. 10 दिवसांनी निम्म्या मुलांचा थांबतो, दहातल्या एकाचा 25 दिवसांनंतरही चालू राहतो.

चूक: औषधाच्या बाटलीवरचा आकडा न वाचणं

खोकल्या-सर्दीची तयार मिश्रणं लहान मुलांना उपयोगी नाहीत आणि धोक्याची आहेत. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असं डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी बजावलं. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित सिरपमुळे मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखाली ही औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळायची.

पॅरासिटामॉलमध्ये घोळ होतो तो मात्रेचा. प्रमाण किलोमागे 15 मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम लागतं. 125/5 (म्हणजे 5 मिलीत 125 मिलिग्रॅम) सिरपचे ते 6 मिली होतात, 250/5 चे 3 मिली आणि 100 मिलिग्रॅम प्रति मिलीच्या ड्रॉप्सचे फक्त दीड मिली. सिरपचा 6 मिलीचा अंदाज ड्रॉप्सला लावला तर चौपट डोस जातो. घरचा चमचा वापरू नका, सोबत आलेली सिरिंज किंवा माप वापरा. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाही.

एक वर्षावरच्या मुलाला रात्री अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली, मध दिला तर खोकल्याला आराम पडतो. वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटही नको, बाळगुटी उगाळतानाही नाही. बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा, धोका असतो.

चूक: नाकात तेल, खोलीत धुरी

आंघोळीनंतर बाळाच्या नाकात तेल सोडल्याने ते थेट फुप्फुसात उतरू शकतं आणि तेलाचा न्यूमोनिया होतो. ओवा-वेखंडाच्या धुरीने आधीच सुजलेल्या बारीक श्वासनलिका आणखी आकसतात. कापराने लहान बाळांना झटके येऊ शकतात. गरम पाण्याचं भांडं मांडीजवळ ठेवून वाफ देताना भाजण्याचा धोका फायद्यापेक्षा मोठा.

त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे 0.65 टक्के सलाइनचे थेंब घ्या. बाळाला उताणं झोपवून प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाका, मिनिटभर थांबा, मग रबरी फुग्याने ओढा. फुगा नाकात घालण्यापूर्वी दाबायचा, नंतर नाही. हे दूध पाजण्याच्या 10 मिनिटं आधी करायचं, कारण चोंदलेल्या नाकाने बाळ दूध ओढूच शकत नाही. नाक आकसवणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब स्वतःहून टाकू नका.

हात धुण्याबद्दल एक बारकावा. रायनोव्हायरसला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे त्याच्यावर सॅनिटायझरपेक्षा 20 सेकंद साबण-पाणी भरवशाचं.

चूक: ‘पंपाची सवय लागते’ म्हणून इनहेलर थांबवणं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये दमा-अ‍ॅलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या मुलांचा अभ्यास झाला. पहिल्या तीन वर्षांत रायनोव्हायरसने छातीत शिट्टी वाजलेल्यांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता सुमारे दहापट निघाली. म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेला रोजचा पंप सर्दीत बंद करायचा नाही, उलट तेव्हाच त्याची गरज असते. पंप हलवा, मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवा, एकच पफ सोडा, मुलाला स्पेसरमधून (पंप आणि मास्कमधली प्लास्टिकची नळी) पाच-सहा श्वास घेऊ द्या, मग दुसरा. दोन पफ एकदम सोडले की औषध भिंतींना चिकटतं. मूल रडत असेल तर ते छातीपर्यंत नीट पोचत नाही. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला तर स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लास्टिकलाच धरतं.

चूक: ताप मोजणं, श्वास न मोजणं

थर्मामीटर सगळ्यांकडे असतो, पण न्यूमोनिया आधी श्वासात दिसतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर असतील, बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा दोन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश ताप असेल, तर रात्री दोन वाजले असले तरी लगेच निघा.