फटाक्यांचा स्टॉल पहिल्यांदा टाकताय? माल ठेवणार कुठे, ते आधी ठरवा

दसरा झाला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "यंदा स्टॉल टाकू म्हणतोय, किती सुटतील?" तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. नाशिक शहरात हंगामी विक्रीचा परवाना पोलीस आयुक्तालयाकडून घ्यावा लागतो, मैदानावरच्या गाळ्यांचा लिलाव महापालिका करते आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला वेगळा. गणपती उठले की परवान्याच्या आणि लिलावाच्या जाहिरातींवर नजर ठेवायला लागा. कागदपत्रांची दगदग आहे, पण ती एकदाची होऊन जाते. नवखा माणूस अडकतो तो मालापाशी.

घाऊकवाला तुम्हाला जास्त माल घ्यायला लावणार. "ह्या भावात परत मिळणार नाही, घेऊन टाका." तिथे परवाना आठवा. दुकानातून किरकोळ विक्रीच्या परवान्यावर साधारणपणे १०० किलो फटाके, आणि त्याशिवाय चायनीज क्रॅकर (म्हणजे लवंगीसारखा बारीक माल) व फुलबाज्या मिळून ५०० किलो, एवढीच मुभा असते. तुमच्या परवान्यावर जो आकडा लिहिलाय तोच खरा. राहिलेल्या पेट्या घरी, गाडीत किंवा मेव्हण्याच्या गाळ्यात ठेवायच्या, हा विचारच करू नका. घाऊकवाल्याशी आधीच बोलून ठेवा की माल टप्प्याटप्प्याने उचलू. धनत्रयोदशीच्या सकाळी एक फेरी जास्त पडली तर टेम्पोभाडं जाईल, जाऊ द्या.

कायमस्वरूपी दुकानाचे नियम आणखी कडक आहेत. विस्फोटक नियम, २००८ नुसार जागा तळमजल्यावर, विटा-दगड किंवा काँक्रीटची, ९ ते २५ चौरस मीटरच्या आत हवी. दार बाहेर उघडणारं आणि संकटकाळी निघायला दुसरी वाट हवी. तळघर चालत नाही, जिन्याखालची जागा चालत नाही, वर कुणी राहत असेल तर अजिबात नाही. आता भद्रकाली किंवा रविवार कारंजाकडचे लाकडी माळ्यांचे जुने वाडे डोळ्यांपुढे आणा: खाली दुकान, वर बिऱ्हाड. म्हणून मी नवख्याला मैदानावरचा गाळाच घ्यायला सांगतो.

मैदानावर दोन गाळ्यांत किमान ३ मीटर अंतर, तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त गाळे नकोत आणि गाळ्यांपासून ५० मीटरच्या आत फटाके वाजवायचे नाहीत. औरंगाबादला २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, जिल्हा परिषद मैदानावरचा अख्खा फटाका बाजार पेटला, शंभरावर स्टॉल गेले. त्यामुळे मधल्या मोकळ्या जागेत शेजारी खोकी रचायला लागला की लगेच बोला, वाईटपणा आला तरी. पावसाळ्यानंतरचं वाळलेलं गवत गाळ्यामागे तसंच उभं असतं, तेही स्वतः काढून घ्या. मंडपवाला झालरीचं कापड लावायला येईल, त्याला परत पाठवा. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले हवेत, वायरला लोंबणारा बल्ब नको.

माल उतरवताना पेटी आपटायची नाही, ओढायची नाही, हुकाने तर मुळीच उचलायची नाही. सुती कपडे घाला. पेटी रिकामी झाली की तळाशी बघा. कधी कोपऱ्यात चिमूटभर करडी पूड साठलेली दिसते, बोटाला लागली तर चंदेरी चमक राहते. ती सांडलेली फटाक्याची दारू. ती झटकायची नाही, कडक झाडूने घासायची नाही. मऊ कुंचल्याने हलक्या हाताने गोळा करून पाण्याने भरलेल्या बादलीत टाका आणि बादली बाहेर ठेवा. त्या पेटीतले फुटके नग विकायचे नाहीत. ओलसर झालेला मालही उन्हात वाळवायला घालू नका. ॲल्युमिनियमची भुकटी असलेली दारू ओल धरली की आतल्या आत गरम होऊ शकते. दिवाळीच्या तोंडावर नाशकात एखादी सर येऊन जाते, म्हणून पेट्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा.

वाळू, पाण्याच्या बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर सगळे ठेवतात. त्यांचा उपयोग वायर, कागद, गवत पेटलं तर. फटाक्याच्या दारूत जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, त्यामुळे वाळूने ती गुदमरत नाही. मालाने पेट घेतला की गल्ल्याकडे न बघता माणसं बाहेर काढायची, शेजारच्यांना ओरडून सांगायचं आणि १०१ लावायचा.

एक गोष्ट सांगितली की लोक नाराज होतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्ल्याची पूजा करायची म्हणून गाळ्यातच निरांजन आणि उदबत्ती लावतात. गाळ्यात उघडी ज्योत चालत नाही, मग ती देवाची का असेना. पूजा घरी करा, गाळ्यात फूल-हळदकुंकू वाहा.

विक्रीचं फार अवघड नाही. हरित (कमी प्रदूषण करणाऱ्या) फटाक्यांच्या खोक्यावर नीरीचं, म्हणजे नागपूरच्या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेचं, चिन्ह आणि क्यूआर कोड असतो, घेतानाच स्कॅन करून बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने बेरियमचे फटाके, लडी आणि ऑनलाइन विक्री बंद झाली आहे, तरी "दहा हजारची माळ आहे का?" असं विचारणारे येतातच. नाही म्हणा. "दादा, एक लावून दाखवा ना" म्हणणाऱ्यालाही नाहीच. लहान मुलं एकटी आली तर मोठ्यांना घेऊन या म्हणून सांगायचं, आणि हाताखाली अठराच्या आतलं पोरगं ठेवायचं नाही.

खरी परीक्षा भाऊबीजेच्या रात्री असते. गाळा आवरताना वीस-पंचवीस पेट्या उरलेल्या असतात आणि "तुळशीच्या लग्नाला खपतील" असा विचार मनात येतो. परवान्याची मुदत संपली की त्या पेट्या ठेवण्याचा हक्कही संपतो. म्हणून न फोडलेल्या पेट्या परत घेण्याचं घाऊकवाल्याशी माल उचलतानाच ठरवा, बिलावर लिहून घ्या, कच्च्या बिलावर तर व्यवहारच नको. घाऊकवाला परतीला दहा-पंधरा टक्के कापून घेईल. तेवढे आधीच भावात धरा आणि मग किती सुटतील ते मोजा.