गॅरेजचं दार जड झालंय? मोटरचा स्क्रू पिळण्याआधी हे करा

न्यू जर्सीत जानेवारी लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. दार अर्ध्यात थांबतं आणि परत वर जातं, काय करू? तोवर एखाद्या जाणकार शेजाऱ्याने सांगून टाकलेलं असतं, मोटरचा फोर्स, म्हणजे दार ढकलायचा जोर, थोडा वाढव. कृपा करून वाढवू नका.

आधी सोपं उरकून घ्या. वर्षातून दोनदा बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंग यांवर सिलिकॉन किंवा लिथियमचा स्प्रे मारा. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला बरं, पण वंगण म्हणून टिकत नाही. रुळ नुसते फडक्याने पुसा. गावाकडच्या दुकानांच्या शटरला कडेने ग्रीस फासलेलं बघत आपण मोठे झालो, त्यामुळे हात तिकडेच जातो. पण इथे त्यावर धूळ बसून नुसता चिखल होतो. सैल नट आवळा. फक्त दाराच्या तळाशी जिथे वायररोप अडकवलेला असतो, त्या पट्टीच्या बोल्टना हात लावू नका. त्यांच्यावर स्प्रिंगचा सगळा ताण असतो.

आता मुख्य काम. दार उचलते ती स्प्रिंग. मोटर फक्त ढकलते. दुकानाचं शटर पोऱ्या एका हाताने वर सारतो ना, तेही आतल्या स्प्रिंगमुळेच. मला हे कळायला एक मोटर घालवावी लागली. एका हिवाळ्यात दार अडखळायला लागलं, मी शिडीवर चढून फोर्सचा स्क्रू पिळला आणि दार झकास चालू लागलं. दोन आठवड्यांनी गाडी जरा बाहेर राहिली होती. दाराच्या दोन्ही बाजूंना खाली सेन्सर असतात, मध्ये काही आलं की दार थांबवणारे; त्यांचा किरण बंपरच्या खालून गेला आणि दार डिकीवर येऊन टेकलं, तरी दाबतच राहिलं. डिकी चेपली. महिन्याभरात मोटरमधल्या नायलॉनच्या गिअरचे दातही झिजले. स्प्रिंग दमली होती आणि मी मोटरला राबवत होतो.

म्हणून दार पूर्ण बंद असताना वरून लोंबणारी लाल दोरी ओढून मोटर दारापासून सोडवा. बंद असतानाच. दार वर असताना दोरी ओढली आणि स्प्रिंग तुटलेली निघाली, तर ते धाडकन खाली येतं. मग हाताने कमरेपर्यंत उचला आणि हात तयार ठेवूनच सोडा. जागच्या जागी राहिलं तर ठीक. खाली घसरलं किंवा आपोआप वर पळालं तर स्प्रिंगचं काम आहे. मुळात उचलतानाच फार जड लागलं तर जोर करू नका, तिथेच थांबा.

वरच्या आडव्या दांड्यावरची स्प्रिंग स्वतः बदलायच्या फंदात पडू नका. व्हिडिओत दहा मिनिटांचं काम दिसतं; स्प्रिंग पिळायची सळई निसटली की हात मोडते. माणूस बोलवा, आणि दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही बदलून घ्या. साधी स्प्रिंग साधारण १०,००० वेळा दार उघडमीट करण्यापुरती असते. दिवसातून चारदा धरलं तर सात वर्षं सुद्धा पुरी होत नाहीत. एक गेली की दुसरीचेही दिवस भरत आलेले असतात.

मोटर परत जोडली की दाराच्या वाटेत मधोमध दोन-बाय-चार इंची फळी जमिनीवर सपाट ठेवा आणि बटण दाबा. फळीला टेकताच दोन सेकंदांत दार उलटं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर दुरुस्त होईपर्यंत मोटर वापरू नका. ही परीक्षा दर महिन्याला घ्या.

सेन्सर जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर नकोत. १९९३ नंतर बनलेल्या मोटरना ते, किंवा दाराच्या खालच्या कडेला लागणारी, काही टेकताच दार उलटं फिरवणारी पट्टी, कायद्यानेच बंधनकारक आहे. सेन्सरचा दिवा लुकलुकत असेल तर आधी काचेवरचं जाळं पुसा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आणि गाडी रात्री बाहेर राहणार असेल तर रिमोट घरात आणा.