कॅसेट डेक : नवा बेल्ट घालूनही सूर थरथरत असेल तर

लक्षण : लांबवलेला सूर थरथरायचा, तानपुरा तर हेलकावे खायचा. हेड पुसलं, बेल्ट दोनदा बदलला. तीन आठवडे जीव मेटाकुटीला आला.

दोष कॅपस्टनवर, म्हणजे टेप ओढणाऱ्या बारीक दांड्यावर होता. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर हा टेपचा वेग तो दांडा आणि त्यावर दाबणारं रबरी चाक ठरवतात. रिळं फक्त गुंडाळतात. दांड्यावर टेपच्या तपकिरी ऑक्साइडचं कडं चढलं होतं, नखाला लागेल इतकं.

आधी प्लग काढला. दांडा हाताने फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बडने पुसला, बड स्वच्छ निघेपर्यंत. रबरी चाक मात्र साबणाच्या पाण्याने. अल्कोहोलने रबर सुकतं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे बेल्टने फिरणाऱ्या दांड्याच्या जड चाकाच्या, कडेचा जुन्या बेल्टचा काळा चिकटा खरवडला, सगळं वाळू दिलं. वेग सर्वांत शेवटी : ३००० हर्ट्झचा एकच सूर भरलेली टेस्ट टेप लावून, तो सूर बरोबर येईपर्यंत मोटरमागच्या भोकातला स्क्रू केसभर फिरवला.

तानपुरा आता स्थिर आहे.