मॅक्रोप्रुडेन्शियल धोरणावर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

मॅक्रोप्रुडेन्शियल धोरण म्हणजे एकेका बँकेऐवजी संपूर्ण वित्तव्यवस्थेला सांभाळणारे नियम. या विषयावरच्या कच्च्या मसुद्यांत एक निष्कर्ष हमखास सापडतो: नियम कडक असतानाच कर्जवाढ जोरात दिसते, म्हणजे धोरण कुचकामी. गफलत इथेच आहे. कर्जं भरमसाट वाढू लागली की मगच तर रिझर्व्ह बँक नियम कडक करते! साध्या रिग्रेशनमध्ये (दोन गोष्टींमधला संबंध आकड्यांनी मोजायची पद्धत) हे उलटसुलट कार्यकारण एकत्र कालवलं जातं.

16 नोव्हेंबर 2023 चं परिपत्रक घ्या. बँकांच्या ग्राहक कर्जांवरचा जोखीम भार (कर्जामागे किती भांडवल लागेल हे ठरवणारं प्रमाण) 100 वरून 125 टक्के झाला. किमान 9 टक्के भांडवलाच्या हिशेबाने 100 रुपयांच्या कर्जामागे 9 ऐवजी 11.25 रुपयांचं भांडवल राखणं आलं. हा बोजा सगळ्या बँकांना सारखा जाणवत नाही. म्हणून वैयक्तिक कर्जांचा वाटा मोठा आणि भांडवल तुटपुंजं असलेल्या बँकांची इतरांशी तुलना करा, तीही परिपत्रकाच्या आधीपासूनची. अलीकडचं चांगलं संशोधन असंच एकेका बँकेच्या, एकेका कर्जाच्या आकड्यांपर्यंत उतरतं. स्पेनने 2000 पासून लागू केलेल्या गतिमान तरतुदींवरचा (चांगल्या काळातच पुढच्या बुडीत कर्जांसाठी राखायच्या रकमा) हिमेनेझ, ओन्गेना, पेइद्रो आणि सौरिना यांचा 2017 चा लेख आधी वाचा, मग आपलं मॉडेल मांडा.

परिपत्रक शेवटपर्यंत वाचायचा कंटाळाही महागात पडतो. गृहकर्ज, वाहनकर्ज, शैक्षणिक कर्ज आणि सोनेतारण कर्ज या वाढीतून वगळलं होतं. पुढे सोनेतारण फुगलं, पण सोन्याचा भावही चढत होता. सगळी वाढ ‘गळती’च्या (नियमातून सुटलेल्या कर्जांकडे किंवा संस्थांकडे कर्ज वळण्याच्या) खात्यावर टाकू नका. गळती मोजायची कशी, ते ब्रिटनवरच्या अय्यर, कॅलोमिरिस आणि विलाडेक यांच्या अभ्यासात दिसतं: तिथल्या बँकांनी आखडलेल्या कर्जापैकी सुमारे एक तृतीयांश परदेशी बँकांच्या शाखांनी भरून काढलं.

तसंच फेब्रुवारी 2025 ची सवलत. ती बँकांनी एनबीएफसींना (बँकेतर वित्त कंपन्यांना) दिलेल्या कर्जांसाठी आणि सूक्ष्मकर्जांसाठी होती. सर्वसाधारण वैयक्तिक कर्जावरचे 125 टक्के तसेच राहिले. नियम कडक झाले की अधिक एक, सैल झाले की उणे एक अशा धोरण-निर्देशांकात इथे सरसकट ‘उणे एक’ लिहिलंत तर चुकलंच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आयमॅप डेटाबेसमधले (देशोदेशीच्या अशा धोरणबदलांची नोंद) अधिक-उणे एक सोयीचे आहेत, पण त्यांत चिमूटभर बदल आणि मोठा दणका एकाच मापाचे ठरतात.

कर्ज-जीडीपी तफावत (कर्जाचं जीडीपीशी प्रमाण दीर्घकालीन कलापासून किती दूर आहे) काढताना पूर्ण कालखंडावर फिल्टर (कल वेगळा काढणारं गणिती तंत्र) चालवू नका. 2012 चा निर्णय तपासताना 2012 पर्यंतचेच आकडे हवेत, नाहीतर धोरणकर्त्याला भविष्य दिसत होतं असं गृहीत धरल्यासारखं होतं.

आणि शीर्षकात ‘वित्तीय स्थैर्य’ असेल, तर फक्त कर्जवाढ मोजून भागत नाही. एड्रियन, बोयार्चेंको आणि जानोने यांच्या 2019 च्या लेखापासून विकासदराचं सर्वांत वाईट टोक किती खोल जाऊ शकतं, हे मोजायची पद्धत रुळली आहे. त्यासाठी क्वांटाइल रिग्रेशन (सरासरीऐवजी टोकाच्या शक्यतांचा अंदाज बांधणारी पद्धत) शिकावं लागेल, आणि भारताच्या तिमाही मालिका तशा आखूडच, तेव्हा टोकाच्या अंदाजांभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा आलेखात दाखवाच.