डायनामो बदलायच्या आधी

वरुडच्या एका ऑटो इलेक्ट्रिक दुकानात मी आयटीआय करून हाताखाली लागलो, तेव्हा ओहमचा नियम पाठ होता आणि त्याची घमेंडही होती. तिसऱ्याच महिन्यात संत्र्याच्या एका पिकअपनं ती उतरवली.

आंबिया बहाराचे दिवस, गाड्या रात्र-रात्र माल वाहत होत्या. मालक म्हणाला, "भाऊ, सकाळी सेल्फच नाही मारत. बॅटरी तर दिवाळीत नवी टाकली." गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावलं. 13.0 व्होल्ट. चालू गाडीत 13.8 ते 14.5 पाहिजे, म्हणजे डायनामो गेला! (बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला आमच्याकडं अजूनही डायनामोच म्हणतात, त्याचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला कटआउट.) बिचाऱ्यानं पैसे मोजून दुसरा बसवून घेतला. चौथ्या दिवशी गाडी धक्का मारत परत दुकानापुढं.

वस्ताद चहा पीत होते. "पोट्ट्या, व्होल्टेज कमी आहे हे पाह्यलं. कुठं कमी पडते ते पाह्यलं का?" त्यांनी हेडलाइट लावायला लावले, थोडी रेस धरायला सांगितली. मग मीटरची एक काडी डायनामोच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. मला तर ते चुकीचंच वाटलं. दोन्हीकडं अर्थच (अर्थिंग, मायनसची बाजू) आहे, मीटर काय दाखवणार? मीटरनं 1.1 दाखवलं. डायनामो 14.2 बनवत होता आणि त्यातला 1.1 परतीच्या वाटेवरच जिरत होता. प्लसच्या बाजूनं मोजलं तर फक्त 0.1.

खाली शिरलो. इंजिनपासून चेसिसला येणारी अर्थची पट्टी वरून धडधाकट होती, थिंबलच्या (टोकाला दाबलेल्या कडीच्या) आत मात्र हिरवी-पांढरी भुकटी. घासून, नवी पट्टी लावून पुन्हा मोजलं: बॅटरीवर 14.1. त्या दिवशी वस्तादांनी मजुरी घेतली नाही. काढलेला डायनामो चांगलाच होता. मालकाच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

तेव्हा नव्यानं या धंद्यात येत असाल तर लोड टाकून (लाइट लावून) प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंचा ड्रॉप, म्हणजे वाटेत जिरणारं व्होल्टेज, आधी मोजा. 0.2-0.3 च्या वर गेला की जोड शोधायचे, पार्ट नाही. आणि बॅटरीवर 15 च्या वर दिसलं तर उलटा आजार: कटआउट बिघडला, पाणी उकळून उडतंय. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी तसंही लवकर आटतं, त्यामुळं हे पटकन लक्षात येत नाही.

खरी कमाई आणि खरी भानगड मात्र जास्तीच्या लाइटांत. याच पिकअपला कुणीतरी 100 वॅटचे दोन बल्ब मूळ स्विचवरूनच जोडले होते. 200 भागिले 12, जवळपास 17 अँपिअर. एकची (1 चौरस मिमी) वायर, चार मीटर लांब; एका बाजूलाच सव्वा व्होल्ट वायर खाते. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड तीसेक टक्क्यांनी पडतो. म्हणजे मालकानं उजेडासाठी पैसे दिले आणि वायर गरम केली. आम्ही चारची वायर, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर 25 अँपिअरचा फ्यूज घातला. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. म्हणून तो बल्बजवळ लावून उपयोग नाही. रिलेत 30 नंबरच्या पिनला बॅटरी, 87 ला लाइट, 85-86 ला स्विच आणि अर्थ. एवढं डोळे मिटून यायला हवं.

मालकाला एक गोष्ट समजावून सांगावी लागली. डायनामोवर 75 अँपिअर लिहिलेलं असलं तरी ते रेस असतानाचं. आयडलला त्याहून बरंच कमी मिळतं. मंडीच्या रांगेत तासभर गाडी चालू ठेवून सगळे लाइट आणि डेक लावला, तर कमी पडलेलं बॅटरीतूनच जाणार. "मग रांगेत बल्ब बंदच ठेवतो जी," तो म्हणाला.

नव्या गाड्यांत आणखी एक खोच आहे. बऱ्याच बीएस-6 गाड्यांच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. तो बॅटरीचा करंट मोजतो, तसं चार्जिंग कमी-जास्त होतं, त्यामुळं मीटरवर कधी 12.8 दिसलं तरी लगेच घाबरू नका. जास्तीच्या लाइटचा अर्थ तिथं थेट बॅटरीच्या खांबावर नाही, चेसिसला द्यायचा; नाहीतर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि बॅटरीचा हिशोब चुकतो. ही चूक मी स्वतः दोन गाड्यांत केली आहे, वस्ताद गावी गेले असताना.