स्कॅनरवर उणे ४० दिसलं, तर

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून गॅरेजला लागलेली मुलं हल्ली स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, झटकन शिकतात. सॉकेट कुठं, कोड कसा वाचायचा, कसा पुसायचा, हे थोड्या दिवसांत हाताखालचं होतं. अडतं ते पुढं. पी०११८ कोड आला की ‘कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) टेम्परेचर सेन्सर गेला’ असं ठरवून लगेच स्पेअर आणायला माणूस धावतो. नवा सेन्सर बसतो आणि दोन दिवसांनी चेक लाइट पुन्हा पेटते. गोव्यात डिचोलीला या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं ठाम मत झालंय, की कोड सेन्सरचं नाव सांगतो, पण बिघाड त्याच्या वायरमध्ये किंवा कपलरमध्येही, म्हणजे वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लगमध्येही, असू शकतो.

आधी सर्किट समजून घ्या. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून सेन्सरकडे ५ व्होल्ट पाठवतो. सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध, तो ओममध्ये मोजतात) कमी होतो आणि व्होल्टेज खाली येतं. बऱ्याच गाड्यांत २५ अंशांना साधारण २००० ओम, ८० अंशांना ३०० च्या आसपास आणि १०० अंशांना २०० पेक्षाही कमी ओम मिळतात. नेमके आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधलेच धरायचे. वायर तुटली तर ५ व्होल्ट तसेच राहतात, ईसीएमला वाटतं इंजिन गोठलंय, आणि स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो. तोच पी०११८. उलट वायर अर्थला लागली तर व्होल्टेज शून्याकडे जातं, आकडा १३० च्या वर जातो आणि पी०११७ येतो.

पेडण्याकडची, किनाऱ्यावर भाड्यानं फिरणारी एक गाडी आमच्याकडे आली होती. चावी फिरवली की इंजिन थंड असतानाच रेडिएटरचा फॅन सुरू व्हायचा, कारण सेन्सरवर भरवसा राहिला नाही की ईसीएम सावधगिरी म्हणून फॅन चालू ठेवतो. दुसरीकडे सेन्सर बदलून झाला होता. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणाच्या आकड्यांत, उणे ४०, बाहेर मे महिन्याचं ऊन. कपलर काढून आत टॉर्च मारली तर एका पिनेवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर, आणि मागची वायर ओढताच हातात आली. वरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं खाल्लेलं. खारं वारं, चार महिन्यांचा पाऊस आणि इंजिनवर प्रेशरनं मारलेलं पाणी यांचा हा परिणाम. म्हणून गोव्यात पहिली नजर कपलरवर टाका. हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत स्कॅनर बघा. लिटरभर कुलंटही क्षणात थंड होत नाही, त्यामुळे आकडा ८५ वरून एकदम २० वर उडाला तर ते तापमान नव्हे, सैल जोड आहे.

दोन पिनांच्या सेन्सरसाठी सोपी परीक्षा आहे. चावी बंद करून कपलर काढा, मग चावी चालू करा. आकडा उणे ४० ला जायला हवा. नंतर कपलरच्या दोन्ही पिना जंपर वायरनं जोडा, आकडा १३० च्या वर जायला हवा. दोन्ही झालं तर ईसीएम आणि वायरिंग ठीक, संशय सेन्सरवर किंवा त्याच्या पिनांवर. तीन पिना असतील तर डायग्रॅम बघितल्याशिवाय जंपर लावू नका. आणि या वायरींना बल्बचा टेस्टर कधीच लावू नका, डिजिटल मल्टिमीटरच वापरा.

आता सगळ्यात फसवा बिघाड. वायर तुटलेली नाही, पण गंजामुळे वाटेत ५०० ओमची भर पडलीय. सकाळी थंड इंजिनावर २००० चे २५०० झाले तर फरक जेमतेम पाचेक अंशांचा. तुम्ही इनटेक हवेच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या) सेन्सरशी आकडा ताडून बघता, दोन्ही जवळपास सारखे, सगळं ठीक वाटतं. पण इंजिन ८० ला पोचलं की ३०० चे ८०० होतात आणि ईसीएमला ते ५० अंशच वाटतं. मग जास्त पेट्रोल जातं, ॲव्हरेज पडतं. त्याहून वाईट म्हणजे इंजिन खरोखर १०० ला गेलं तरी ईसीएम ५५ च्या आसपासच समजतो आणि फॅन लावत नाही. चोर्ल्याच्या घाटात अशा गाडीचं इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जायला वेळ लागत नाही. कोडही बहुतेकदा येत नाही. त्यामुळे थंड तपासणीवर कधीच थांबू नका. जंपर लावूनही आकडा १३० ऐवजी ६५ च्या आसपास अडकला, तर तो रेझिस्टन्स वायरमध्येच बसलाय.

सेन्सर खरंच गेला का, हे बघायला पातेलं पुरतं. टोक पाण्यात, बाजूला थर्मामीटर, मल्टिमीटर ओमवर, आणि खाली मंद गॅस. पाणी तापेल तसा ओमचा आकडा सलग उतरत जायला हवा. मध्येच उडी मारली किंवा अडकला तर सेन्सर बदला. काढताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम रेडिएटरची कॅप उघडून भाजलेले हात मी पाहिलेत.

कधी कधी सेन्सर खरं बोलत असतो. हायवेवर तापमान ६५ अंशांच्या वर जातच नसेल तर आधी थर्मोस्टॅट (कुलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय का बघा. कुलंट कमी असेल किंवा आत हवा राहिली असेल तर सेन्सरचं टोक कोरडं पडतं आणि आकडा चुकतो. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यासाठी एका वायरीचा वेगळा सेन्सर असतो. त्याला अर्थ आट्यांतूनच मिळतो, तेव्हा त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.

काम झाल्यावर कोड पुसा, कुलंट भरून हवा काढा, एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवा. फॅन स्वतःहून लागून बंद झालेला दोनदा बघा, त्या वेळचे आकडे जॉब कार्डवर लिहा, मगच चावी गिऱ्हाइकाच्या हातात द्या.